नवा, कोरा, करकरीत : एका विशेषणाची घडण

‘नवाकोराकरकरीत’ हे विशेषण तीन शब्दांचे मिळून झाले आहे. वस्तू नवी आहे एवढे सांगायला पहिला शब्द पुरेसा आहे. दुसरा सांगतो की ती अजून कोणी वापरलेली नाही आणि तिसरा तिचा नवेपणा कानाला ऐकवतो. बोलताना यातले दोन शब्द घेऊनही काम भागते: नवाकोरा सदरा, नवी करकरीत नोट, कोरी करकरीत वही. मराठीत अशी जोडविशेषणे पुष्कळ आहेत. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, तिखटजाळ, मऊसूत ही त्यातली रोजच्या वापरातली. पहिला शब्द गुण सांगतो, दुसरा तो गुण टोकाला नेतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने खरी संपत्ती या दुसऱ्या शब्दातच असते, कारण पहिला बहुधा सरळ संस्कृत-प्राकृतातून उतरलेला असतो आणि त्याचा माग लागतो. दुसरा मात्र बाजारातून, मागावरून, चुलीपासून, शेजारच्या भाषेतून किंवा नुसत्या आवाजातून आलेला असतो.

‘नवा’ची कथा लहान आणि निश्चित आहे. संस्कृत ‘नव’ आणि त्याला लागलेला स्वार्थी ‘क’ प्रत्यय, म्हणजे ‘नवक’, हे प्राकृतातून झिजत मराठी ‘नवा’ झाले. हिंदी ‘नया’, गुजराती ‘नवुं’, फारसी ‘नौ’ (नौजवान, नवरोज यांतला), लॅटिन ‘नोव्हुस’, इंग्रजी ‘न्यू’ आणि डच ‘नीउ’ हे सारे एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाचे वंशज आहेत. मूळ शब्दातला ‘न’ आणि ‘व’ हजारो वर्षे आणि हजारो कोस ओलांडूनही बऱ्याच ठिकाणी ओळखू येतो. इतके टिकाऊ शब्द भाषांमध्ये थोडेच असतात.

‘कोरा’ अधिक विस्ताराने पाहण्यासारखा आहे. मराठीत कोरा कागद म्हणजे ज्यावर शाई उतरलेली नाही तो. कोरा चहा म्हणजे ज्यात दूध पडलेले नाही तो. भिक्षेत मिळालेले न शिजवलेले धान्य ते कोरान्न. शेतकऱ्यांच्या आंदोलनांत ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी ऐकू येते, तिथे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कर्जाचा बोजा नसणे म्हणजे कोरेपणा. या सगळ्या वापरांना जोडणारा धागा एकच: जे पुढे लागायचे आहे ते अजून लागलेले नाही, मग ते पाणी असो, दूध असो, शाई असो की कर्ज. गुजरातीत ‘कोरुं’ म्हणजे न लिहिलेले आणि कोरडेही. मराठी ‘कोरडा’ त्याच कुळातला दिसतो, ‘तांब’ला ‘डा’ लागून ‘तांबडा’ व्हावा तसा ‘कोर’ला ‘डा’ लागून झालेला. पंजाबी आणि हिंदीतही ‘कोरा’ याच अर्थांनी नांदतो.

पण या शब्दाची सर्वांत पक्की जागा कापडाच्या व्यवहारात आहे. मागावरून उतरलेले, न धुतलेले, न रंगवलेले कापड ते कोरे कापड. ताण्याची सुते विणताना तुटू नयेत म्हणून त्यांना आधी खळ देतात. ही खळ विणून झालेल्या कापडातही राहते. त्यामुळे मागावरचे कापड ताठ असते, किंचित पिवळट दिसते, हाताला खरखरीत लागते आणि घडी उलगडताना आवाज करते. पहिल्या धुण्यात खळ निघते, कापड मऊ पडते आणि ते कोरे राहत नाही. ‘कोरा’ हा शब्द म्हणूनच ‘नवा’चा पर्याय नाही. दोन वर्षे पेटीत पडून राहिलेले लुगडे नवे नसेल, पण पाणी लागले नसेल तर ते कोरेच असते. मराठीत नवे वस्त्र प्रथम नेसण्याला ‘घडी मोडणे’ म्हणतात. तो शब्दप्रयोगही वस्त्राच्या याच पहिल्या अवस्थेकडे पाहून झाला आहे.

माळव्यात हा शब्द मराठी आणि हिंदी दोन्ही तोंडांनी बोलला जातो. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या पाठोपाठ मराठी कुटुंबे माळव्यात स्थिरावली. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी ठेवली आणि तिथल्या विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी साडीचे नाव त्या काळापासून चालत आले आहे. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. पुढे याच शहरात कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या: मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल. गिरण्या बंद पडल्या, पण ‘मालवा मिल’ हे नाव पलासिया भागाच्या उत्तरेकडच्या वस्तीला अजून चिकटून आहे. गिरणीच्या हिंदीत धुलाई आणि रंगाई होण्याआधीचे कापड ते ‘कोरा कपड़ा’. न्यू पलासियातल्या किंवा ओल्ड पलासियातल्या मराठी घरात ‘नवीकोरी साडी’ म्हटले आणि दुकानात ‘कोरी साड़ी’ म्हटले, तर बोलणाऱ्याला एका भाषेतून दुसरीत जातानाही शब्द बदलावा लागत नाही. हिंदी-पंजाबीतले ‘नया-नकोर’, ‘नवां-नकोर’ हे मराठी ‘नवाकोरा’चे सख्खे भावंड आहे. तिथे ‘कोर’च्या आधी एक ‘न’ आला आहे, तो ‘नया’च्या पहिल्या अक्षराचा पडसाद असावा असे वाटते. जोडशब्दांत असे यमक-अनुप्रास जुळवून घेणे भाषांना आवडते.

तिसरा शब्द ‘करकरीत’ आवाजाचा आहे. नव्या वहाणा चालताना करकरतात, कारण चामडे अजून पायाच्या वळणाला सरावलेले नसते. खळीचे कापड आणि न चुरगळलेला कागदही जवळपास तसाच वाजतो. ‘करकर’ या ध्वनीला ‘ईत’ हा प्रत्यय लागला की ‘करकरीत’ हे विशेषण तयार होते. मराठीचा हा कारखाना फार मोठा आहे. खणखणीत, ठणठणीत, झणझणीत, चकचकीत, लखलखीत, गुळगुळीत, कुळकुळीत, मिळमिळीत, फटफटीत असे शेकडो शब्द याच साच्यातून निघाले आहेत. काहींच्या मुळाशी खरोखरचा आवाज आहे, जसा ‘खणखणीत’मध्ये धातूचा. काहींत मात्र आवाज नाहीच. ‘चकचकीत’ डोळ्यांना दिसते, ‘गुळगुळीत’ बोटांना कळते, ‘झणझणीत’ जिभेला. स्पर्श, चव, प्रकाश यांना ध्वनीचे रूप देण्याची ही सवय दक्षिण आशियातल्या अनेक भाषांत आहे, पण मराठीने त्यातून व्याकरणशुद्ध, सहज चालणारी विशेषणे घडवली ही तिची कमाई आहे. ‘करकरीत’चा अर्थही आवाजापुरता राहिला नाही. ‘करकरीत तिन्हीसांज’ म्हणताना काहीच वाजत नसते. ऐन, बरोबर, भेसळ नसलेली अशी छटा तिथे उरली आहे.

याच विशेषणाचे डच भावंड पाहिले की मराठीचे वेगळेपण नीट कळते. डच भाषेत अगदी नव्या वस्तूला ‘स्पिकस्प्लिंटरनीउ’ म्हणतात. त्यातही तीन घटक आहेत. शेवटचा ‘नीउ’ म्हणजे नवा, आपल्या ‘नवा’चाच नातलग. ‘स्प्लिंटर’ म्हणजे लाकडाची ढलपी आणि ‘स्पिक’ म्हणजे मोठा खिळा. सुताराच्या रंध्याखालून किंवा कुऱ्हाडीच्या घावाने नुकती उडालेली ढलपी जशी ताजी, पांढरी, ओलसर असते तसे नवे, हा मूळ अर्थ. नुसते ‘स्प्लिंटरनीउ’ही चालते. त्यावर पुन्हा ‘स्पिक’ चढवला तो जोर वाढवण्यासाठी, आणि ‘स्प’ने सुरू होणाऱ्या दोन शब्दांची जोडी जमली म्हणूनही. डॅनिशमध्ये ‘स्प्लिंटरन्यू’ आहे. प्राचीन नॉर्समध्ये ‘स्पान्न्यूर’ होते, म्हणजे ढलपीसारखे नवे. जर्मन भाषेत ‘नागलनॉय’ म्हणजे खिळ्यासारखे नवे, भट्टीतून ठोकून काढलेल्या खिळ्यासारखे. त्याला ठिणगी जोडून ‘फुंकेलनागलनॉय’ असेही म्हणतात. इंग्रजीतला ‘ब्रँड-न्यू’ हा शब्दही आगीतून आला आहे. ‘ब्रँड’ म्हणजे जळते लाकूड, निखारा. शेक्सपिअरच्या नाटकांत याच अर्थाने ‘फायर-न्यू’ आढळतो.

उत्तर युरोपात नवेपणाची कल्पना अशी सुताराच्या आणि लोहाराच्या कामातून आली. मराठीत आणि तिच्या उत्तरेकडच्या भावंडांत ती विणकराच्या मागावरून आली, आणि ‘करकरीत’ने तिला चांभाराच्या आरीची जोड दिली. ज्या समाजात नव्या वस्तूचा सर्वांत परिचित अनुभव वस्त्राचा होता, त्याने नवेपणा वस्त्रावरून मोजला असावा, असे वाटते. सणाला, लग्नाला, बारशाला नवे येई ते कापड. खिळा किंवा लाकूड घरात रोज नवे येत नसे.

डच आणि नॉर्स शब्दांची इंग्रजीत जी गत झाली तीही बोलकी आहे. नॉर्समधून आलेल्या ‘स्पॅन-न्यू’ला पुढे डच धाटणीचा ‘स्पिक’ जोडला गेला आणि ‘स्पिक-अँड-स्पॅन-न्यू’ असा लांबलचक शब्द झाला. कालांतराने त्यातला ‘न्यू’ गळला. मागे राहिलेला ‘स्पिक अँड स्पॅन’ आज ‘नवा’ नव्हे, तर ‘स्वच्छ, टापटिपीचा’ या अर्थाने वापरतात. मुख्य शब्द गेल्यावर जोर देणाऱ्या शब्दांनी अर्थ स्वतःकडे ओढून घेतला. मराठी ‘कोरा करकरीत’मध्येही ‘नवा’ गळला आहे, पण नवेपणा शाबूत राहिला, कारण ‘कोरा’ हा मराठी माणसाला अजून पारदर्शक आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला ‘स्पॅन’ म्हणजे ढलपी हे कळत नाही, म्हणून त्याचा अर्थ वाहवत गेला.

डच आणि मराठी या दोन भाषांत एक मोठा फरक उरतो, तो शब्दांच्या क्रमाचा. डचमध्ये जोर देणारा शब्द आधी आणि गुण शेवटी येतो: ‘स्नेउविट’ म्हणजे बर्फ-पांढरा, ‘पिकझ्वार्ट’ म्हणजे डांबर-काळा. संस्कृतातही हाच क्रम आहे. ‘उपमानानि सामान्यवचनैः’ हे पाणिनीचे सूत्र (२.१.५५) याच समासांसाठी आहे. त्यानुसार ‘घन इव श्यामः’ याचा ‘घनश्याम’ होतो, उपमान आधी आणि गुण नंतर. दुग्धशुभ्र, हिमधवल, घननीळ हे मराठीत वावरणारे संस्कृत वळणाचे शब्द तसेच आहेत. पण मराठीची स्वतःची घडण उलटी आहे. ‘शुभ्रपांढरा’ किंवा ‘जाळतिखट’ असे मराठी माणूस म्हणत नाही. गुण आधी सांगून टाकायचा आणि मग त्याला ढकलायचे, ही मराठीची रीत. हिंदी, गुजराती यांचीही रीत तीच आहे. म्हणजे या भाषांनी संस्कृत समासाचा साचा जसाच्या तसा पुढे चालवला नाही. त्यांची ही जोडविशेषणे बोलण्यातून, एका शब्दावर दुसरा चढवण्याच्या सवयीतून तयार झाली.

याचा पुरावा विकारांत मिळतो. एकजीव समासाला विकार व्हायचा तो शेवटी होतो. मराठी जोडविशेषणाला तो मध्येच होतो: काळाकुट्ट, काळीकुट्ट, काळेकुट्ट, काळ्याकुट्ट ढगांत. हिरवागार, हिरवीगार, हिरव्यागार शेतात. लिंग, वचन आणि सामान्यरूप यांचा भार पहिला शब्द उचलतो, दुसरा जागचा हलत नाही. ‘नवाकोरा’चे तसे नाही. त्याची रूपे नवीकोरी, नवेकोरे, नव्याकोऱ्या वहीत अशी होतात. इथे दोन्ही घटक बदलतात, कारण ‘कोरा’ स्वतःच आकारान्त विशेषण आहे. गोरागोमटा-गोरीगोमटी, जुनापुराणा-जुनीपुराणी, ठेंगणाठुसका-ठेंगणीठुसकी हे त्याच पंगतीतले. यातून व्युत्पत्ती शोधणाऱ्याला एक उपयोगी कसोटी मिळते. दुसरा घटक आकारान्त असून पहिल्याबरोबर बदलत असेल, तर भाषेने त्याला विशेषण मानले आहे. तो बदलत नसेल, तर त्याच्या मुळाशी नाम, ध्वनी किंवा व्यंजनान्त उसना शब्द शोधावा लागतो. ही कसोटी व्यंजनान्त शब्दांना लावता येत नाही, कारण ‘शुभ्र’ विशेषण असूनही मराठीत अविकारीच राहतो. पण जिथे लागू पडते तिथे ती नेमकी आहे.

रंगांच्या विशेषणांत ही घडण सर्वांत फुललेली दिसते. पांढराशुभ्र घ्यावा. ‘पांढरा’ संस्कृत ‘पाण्डर’पासून आलेला तद्भव शब्द, ‘शुभ्र’ तत्सम. दोन्हींचा अर्थ एकच. पिवळाजर्दमध्ये ‘पिवळा’ संस्कृत ‘पीत’ला ‘ल’ लागून झालेला, तर ‘जर्द’ फारसीत पिवळाच. जुनापुराणामध्ये ‘जुना’ हा ‘जूर्ण’चा वंशज आणि ‘पुराणा’ही जुनाच. थंडगारमध्ये ‘थंड’ हिंदी ‘ठंडा’च्या घराण्यातला आणि ‘गार’ही थंडच. एकाच अर्थाचे दोन शब्द दोन वाटांनी येऊन एकत्र बसले की बोलणाऱ्याला त्यांची बेरीज ऐकू येते. नामांमध्येही असे होते. ‘कागदपत्र’ आणि ‘धनदौलत’ यांत एक शब्द देशी आणि दुसरा फारसी-अरबी वाटेने आलेला आहे. दोन भाषा जाणणाऱ्या समाजात अशा जोड्या तयार होतात याकडे सुनीतिकुमार चटर्जी यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत लक्ष वेधले होते. दोन भाषांच्या लोकांना एकदम कळावे म्हणून दोन्ही शब्द सांगायचे, आणि मग ती सवयच जोडशब्द होऊन बसायची, असा या जोड्यांचा प्रवास.

‘तांबडालाल’ हा शब्द याच प्रक्रियेचा मधला टप्पा दाखवतो आणि म्हणून तो विशेष मोलाचा आहे. मराठीचा जुना घरचा रंगवाचक शब्द ‘तांबडा’. तो तांब्यावरून, संस्कृत ‘ताम्र’वरून आला. ‘लाल’ फारसीतला, माणकालाही तिथे लाल म्हणतात. ‘तांबडेलाल डोळे’ म्हणताना ‘लाल’ दुसऱ्या जागेवर, जोर देणाऱ्याच्या भूमिकेत आहे. ‘लालभडक’, ‘लालबुंद’ म्हणताना तोच शब्द पहिल्या जागेवर जाऊन बसला आहे आणि आता त्याला स्वतःला जोर देणारा सोबती लागतो. परका शब्द आधी मदतनीस म्हणून येतो, रुळतो, आणि मग घरमालकाच्या जागी बसतो. शहरी मराठीत आज ‘लाल’ आधी सुचतो आणि ‘तांबडा’ मातीला, रश्श्याला, पहाटेला उरला आहे.

इंदूरच्या मराठी माणसाच्या कानावर हे सारे दुहेरी पडते. घरात पिवळाजर्द, बाहेर ‘पीला-ज़र्द’. इथे दुसरा घटक दोन्हीकडे तोच आहे आणि दोन्हींनी तो फारसीतूनच घेतला आहे. घरात लालभडक, बाहेर ‘लाल-भभूका’. शब्द निराळे, पण कल्पना एक, कारण भभूका म्हणजे ज्वाळा आणि ‘भडक’मध्येही भडकणारी आग आहे. गोरापान आणि ‘गोरा-चिट्टा’ यांत मात्र वाटा फुटतात. ‘चिट्टा’ म्हणजे पंजाबीत पांढरा, म्हणजे ती पुन्हा पुनरुक्तीच. काळाकुट्टच्या समोर हिंदीत ‘काला-कलूटा’ आणि ‘काला-भुजंग’ उभे राहतात. पहिल्यात ‘काला’चाच पडसाद आहे, दुसऱ्यात चक्क नाग आहे. शहरातल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या गर्दीत ‘गरमागरम’ हा शब्द हिंदीत उच्चारला की मराठीत, हे सांगता येणार नाही. तो दोन्ही भाषांचा समाईक आहे आणि मूळ ‘गरम’ फारसी आहे.

दुसऱ्या घटकांची वाटणी मात्र प्रत्येक भाषेची खासगी असते, आणि भाषा येते की नाही याची परीक्षा तिथे होते. मराठीत काळ्या रंगाला निदान चार सोबती आहेत, पण ते सर्रास एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ढग आणि अंधार काळेकुट्ट. केस काळेभोर किंवा काळेकुळकुळीत, कारण कुळकुळीत म्हणताना तेलाची चमक अभिप्रेत असते. कातळ काळाकभिन्न, त्यात भीती आणि आकारमान दोन्ही आहे. डोळे काळेभोर, आणि ‘काळेकुट्ट डोळे’ म्हटले तर कौतुकाची निंदा होते. पांढऱ्याचे तसेच. धुतलेले धोतर आणि मोगरा पांढराशुभ्र, पण आजाऱ्याचा किंवा घाबरलेल्याचा चेहरा पांढराफटक. ‘फटक’मध्ये फटफटीत, रक्त उतरलेला असा भाव आहे. तांबड्या-लाल रंगात रागाचा चेहरा लालबुंद, डाळिंबाचे दाणे आणि ओठ लालचुटूक, बटबटीत रंगवलेली भिंत लालभडक. ‘चुटूक’मध्ये लहानपणाचा, नाजूकपणाचा नाद आहे, म्हणून ‘लालचुटूक ट्रक’ हे मराठी कानाला खटकते. शेत हिरवेगार, पण बांगड्यांचा चुडा हिरवाकंच. हिरवागारमध्ये डोळ्यांना लागणारा गारवा ऐकू येतो. काचेच्या बांगडीत तो नसतो, तिथे रंगाची दाटी असते. एकाच रंगाचे इतके बारकावे रंगाच्या नावाने नव्हे तर सोबत्याच्या निवडीने सांगायचे, ही मराठीची सूक्ष्म योजना आहे. तिची नोंद व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत जितकी व्हायला हवी तितकी होत नाही.

चवींची विशेषणे थोडी आणि थेट आहेत. तिखटजाळमध्ये जाळ म्हणजे आगीची ज्वाळा. ‘तिखट’ हा संस्कृत ‘तीक्ष्ण’च्या प्राकृत रूपाला, ‘तिक्ख’ला, प्रत्यय लागून झालेला, म्हणजे मूळ अर्थ धारदार. धार आणि आग एकत्र आल्यावर ठेच्याचे वर्णन पुरे होते. कडूजहरमध्ये संस्कृत ‘कटु’ आणि फारसी ‘जहर’. आंबटढाण, आंबटढोण यांचा दुसरा भाग नादाच्या बाजूचा आहे. ‘आंबट’मधला ‘ब’ मात्र पाहण्यासारखा आहे. ‘आम्ल’ उच्चारताना ‘म’कडून ‘ल’कडे जाता जाता ओठ उघडतात आणि मध्ये ‘ब’ आपोआप येतो. तोच पुढे कायम झाला. ‘ताम्र’चे ‘तांबे’ आणि ‘आम्र’चा ‘आंबा’ होतानाही हेच घडले.

स्पर्शाच्या बाजूला ‘मऊसूत’चा दुसरा घटक पुन्हा विणकराचा आहे, सुताचा. कोरडाठणठणीतमध्ये रिकाम्या घागरीवर वाजणारा ठण् असा आवाज आहे. विहीर आटली, घागर रिकामी आली, ती वाजली, असा सगळा अनुभव त्या एका शब्दात आहे.

अशा शब्दांची व्युत्पत्ती सांगताना कल्पनेचा मोह फार होतो. गुजरातीत ‘काळुंभम्मर’ म्हणजे काळेभोर, आणि तिथे ‘भम्मर’ म्हणजे भ्रमर, भुंगा. त्यावरून मराठी ‘काळाभोर’मध्येही भुंगा आहे असे म्हणणे सोपे आहे. पण मराठीत ‘निळाभोर’ही आहे, आणि निळा भुंगा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. एक तर भोरचा मूळ अर्थ विसरून तो नुसता ‘गडद’ या अर्थाने पसरला असला पाहिजे, नाहीतर त्याचे मूळ वेगळे असले पाहिजे. पहिली शक्यता अशक्य नाही, कारण अर्थ असा झिजतो याची उदाहरणे आहेत. डचमध्ये ‘स्टोक’ म्हणजे काठी किंवा ओंडका. ‘स्टोकडोफ’ म्हणजे ओंडक्यासारखा बहिरा, हे समजते. पण पुढे ‘स्टोकआउड’ म्हणजे फार म्हातारा असाही शब्द झाला आणि ‘स्टोक’चा अर्थ केवळ ‘फार’ एवढा उरला. मराठी ‘ठार’चे तेच झाले. ठार मारण्यातला ठार ‘ठार बहिरा’, ‘ठार वेडा’, ‘ठार आंधळा’ यांत कोणाचा जीव घेत नाही, ‘पूर्णपणे’ एवढेच सांगतो. तो पहिल्या जागेवर येतो हे विशेष. ‘गर्द हिरवा’, ‘मिट्ट काळोख’ यांतही तसेच, पण असे शब्द सुटे लिहिले जातात आणि ते पुढच्या शब्दात पुरते मिसळलेले नसतात.

उलट दिशेचे उदाहरण ‘गोरागोमटा’चे आहे. ‘गोमटा’ म्हणजे सुंदर, चांगला. जुन्या मराठीत तो मोकळेपणाने वापरात होता, संतांच्या रचनांत तो वारंवार भेटतो. आज तो एकटा कोणी बोलत नाही. ‘गोरा’च्या आधाराने तेवढा तो जगला आहे. श्रवणबेळगोळच्या गोम्मटेश्वराच्या नावाशी अनेक अभ्यासक त्याचे नाते जोडतात. वापरातून गेलेले शब्द जोडशब्दांच्या दुसऱ्या जागेत असे सुरक्षित राहतात, कारण तिथे त्यांना अर्थ सांगण्याची जबाबदारी नसते. ताजातवानामधला ‘तवाना’ही तसाच. फारसीत तो ‘सशक्त’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द आहे, मराठीत ‘ताजा’ला सोडून तो कुठे दिसत नाही.

या शब्दांचा शोध घेताना कोश कसे पाहायचे हेही ठाऊक असावे लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बोलली जाणारी मराठी त्यात आहे, आणि जोडशब्द व नादानुकारी शब्द टिपण्यात तो उदार आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या ग्रंथांतले आणि बोलींतले वापर अवतरणांसह मिळतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६चा. टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश १९६६ साली पूर्ण झाला. सख्ख्या भाषांतली रूपे शेजारी मांडून पाहायची तर तो हाताशी हवा. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९चा, ‘गोमटा’सारख्या शब्दांसाठी आवश्यक. जोडविशेषण कोशात बहुधा पहिल्या घटकाखाली नोंदलेले असते. पण मूळ शोधायचे तर दुसऱ्या घटकाची स्वतंत्र नोंदही उघडावी लागते. ‘काळा’खाली ‘काळाकुळकुळीत’ सापडेल, पण ‘कुळकुळीत’ म्हणजे काय ते ‘क’च्या दुसऱ्या पानावर. लेखनातही एकवाक्यता नाही. ‘नवा कोरा’ आणि ‘नवाकोरा’, ‘लाल भडक’ आणि ‘लालभडक’ असे दोन्ही छापलेले आढळते. म्हणून कोश पाहताना, आणि संगणकावर शोधताना तर नक्कीच, दोन्ही रूपे तपासावी लागतात.